नळीत बसतं म्हणून चालतं?

कोकणात ज्या घरात परवान्याची बारा बोर आहे, त्या घरात काडतुसांवरून वाद झाला नाही असं सहसा होत नाही. हा वाद पडवीत सुरू होतो आणि पानं मांडली की संपतो, त्यामुळे त्याचा निकाल काही लागत नाही. म्हणून तो इथे कागदावर आणतो आहे. खालच्या संवादातले काका आणि पुतणी मी उभी केलेली माणसं आहेत, पण ती जे बोलतात ते मनचं नाही. काका राजापूर तालुक्यातले आंबा-काजूचे बागायतदार. वडिलांची बर्मिंगहॅमची दुनळी त्यांनी रीतसर आपल्या परवान्यावर चढवून घेतली आहे. पुतणी ट्रॅप नेमबाजी करते, उडत्या तबकड्यांवर. घरच्या दुनळीची डावी नळी चोकची, म्हणजे तोंडाशी आवळलेली आहे. त्या नळीत एलजीचं, म्हणजे मोजक्या मोठ्या गोळ्यांचं, काडतूस घालावं की नाही, एवढ्यावरून सुरुवात झाली.

काका : डुकरासाठी एलजी डाव्या नळीत. मला वडलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या मामांनी. तोंड आवळ असलं की माल एकगठ्ठा जातो आणि लांब जातो. यात वाद घालण्यासारखं काय आहे गो?

पुतणी : बारीक छऱ्यांचं म्हणाल तर अगदी बरोबर. माझा पण दुसरा बार फुल चोकचाच असतो. पण माझ्या काडतुसात २४ ग्रॅम छर्रे, एकेक छर्रा अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर. तुमच्या एलजीचा एक गोळा नऊ मिलिमीटरचा. दोघांना एकच नियम कसा लावता?

काका : शिसं ते शिसं.

पुतणी : मग मापच घेऊ. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे पाडले, तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोर. हे भोक भरतं साधारण १८.५ मिलिमीटर. फुल चोक म्हणजे तोंडाजवळच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत तेच भोक जवळजवळ एक मिलिमीटरनं कमी केलेलं. हाफ चोक म्हणजे अर्ध्या मिलिमीटरनं, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर म्हणजे पावनं. आणि सिलिंडर म्हणजे सरळ नळी, काहीच कमी नाही. आपला सगळा वाद एका मिलिमीटरचा आहे. एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा थोडा जास्त.

काका : तेवढ्यानं काय फरक पडतोय?

पुतणी : छऱ्यांना भरपूर पडतो. जुना इंग्लिश हिशेब असा आहे: ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं. सरळ नळीतून सुटलेल्या शंभर छऱ्यांपैकी ४० त्या वर्तुळात येतात. हाफमधून ६०, फुलमधून ७०. काडतूस तेच, दारू तीच. तोंड तेवढं वेगळं.

काका : म्हणजे मी म्हणतो तेच की!

काकांना इथे जिंकल्यासारखं वाटणं साहजिक आहे. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडातही असंच वाटलं होतं. अमेरिकेत इलिनॉयच्या फ्रेड किंबलनं चोकचा शोध आपला असल्याचा दावा केला, बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरनं ती कारागिरी पक्की करून बाजारात आणली, आणि १८७५ साली ‘द फील्ड’ या साप्ताहिकानं लंडनमध्ये घेतलेल्या चाचण्यांत चोकच्या नळ्यांनी सरळ नळ्यांना मागे टाकलं. गंमत म्हणजे त्याच १८७५ सालच्या नियमांनी इंग्लंडच्या प्रूफ हाउसांनी, म्हणजे नळ्या तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थांनी, चोकच्या नळ्यांवर एक नवा शिक्का मारायला घेतला: ‘नॉट फॉर बॉल’. गोळीसाठी नाही. कौतुक आणि ताकीद एकाच वर्षातली. कौतुक घरोघर पोचलं. ताकीद मात्र नळीच्या खालच्या अंगाला, लाकडाच्या आड राहिली.

पुतणी : छऱ्यांपुरतं तुमचं खरंच. आता एलजीचं बघा. जुन्या ब्रिटिश तक्त्यात एलजीचा गोळा ९.१ मिलिमीटरचा, एका औंसाला सहा. दोन गोळे शेजारी शेजारी ठेवले तर १८.२ मिलिमीटर झाले. सरळ नळीत मावतात. फुल चोकचं तोंड साडेसतराचं. तिथे दोनसुद्धा एका रांगेत मावत नाहीत. मागून दारूचा दाब, पुढे अरुंद वाट, मग एकमेकांना चेपत आणि चपटे होत बाहेर पडतात. चपटा गोळा सरळ जात नाही.

काका : आणि एसजी?

पुतणी : एसजी ८.४ मिलिमीटरचा. तीन गोळे एका थरात बसायला १८.१ मिलिमीटरचं भोक लागतं. सरळ नळीत बसतात, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये बसतात. हाफमध्ये केसभर अडतात. फुलमध्ये नाही.

काका : थांब. हे मी केलेलं आहे.

पुतणी : काय केलेलं आहे?

काका : माझे वडील बंदूक मोकळी करून, मोडून, नळ्या उतरवून घ्यायचे. एसजीचे तीन सुटे गोळे नळीच्या तोंडात ठेवायचे. तिन्ही शेजारी शेजारी सपाट बसले तर म्हणायचे, ही नळी एसजीची. एक जरी वर उचलला गेला तर नाही. तुझ्या गणिताला तेव्हा कोण विचारत होतं?

पुतणी : आजोबा काय बरोबर करत होते! गोळे ठेवल्यावर उजवी नळी म्हणायचे की डावी?

काका : आता ते आठवायला नको?

पुतणी : उजवीच म्हणत असणार. तुम्ही गोळे ठेवून बघायचं सोडलंत आणि ‘डावी लांब मारते’ एवढं धरून बसलात.

काका गप्प बसणाऱ्यातले नव्हेत.

काका : बरं, चपटे होतात तर होतात. नळी फुटली का माझी इतक्या वर्षांत?

पुतणी : शिशाच्या गोळ्यांनी सहसा फुटत नाही. शिसं मऊ, ते स्वतः दबतं. पण नळी फुटली नाही म्हणजे सगळं सुखरूप झालं, असं नाही. तो वाकडा गेलेला गोळा कुठे गेला ते सांगा.

काका : गेला असेल खाली वहाळात.

पुतणी : जुर्ने नावाच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याचं एक ढोबळ सूत्र आहे. गोळ्याचा व्यास इंचांत घ्यायचा आणि २२०० नं गुणायचं, तेवढे यार्ड तो जास्तीत जास्त जाऊ शकतो. सहा नंबरचा छर्रा दोनशे मीटरच्या आसपास थकतो. एलजीचा गोळा सातशे मीटरच्या पुढे जातो. आपल्या बागेच्या खालच्या गडग्यापासून सातशे मीटरवर काय आहे?

काका : ... बौद्धवाडी. आणि शाळा.

या उत्तरावर मला काही जोडायचं नाही. फक्त एवढंच की बंदुकीची सुरक्षितता म्हटलं की आपण बंदूक धरणाऱ्याच्या बोटांचा आणि डोळ्यांचाच विचार करतो. चोकमध्ये अडून भरकटलेला एलजीचा गोळा बंदूकवाल्याला काहीच करत नाही. तो दुसऱ्याच्या अंगणात जातो. आणि डुकराच्या बाबतीत हेही सांगायला हवं की पिकात शिरलं म्हणून त्याला गोळी घालता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. हे काकांना ठाऊक आहे. परवानगीचा कागद त्यांच्या फायलीत असतो. ही शिस्त त्यांच्या पिढीत बरीच आहे, काडतुसांच्या बाबतीत ती कुठे जाते कळत नाही.

काका : मग सोपा उपाय सांगतो. चोकच नको ना? डाव्या नळीचं तोंड दोन-अडीच इंच कापून टाकू. झाली मोकळी.

पुतणी : काका, परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमाखाली गुन्हा आहे. तोंड मोकळं कराल आणि स्वतः आत जाल.

काका : हां. ते नको.

पुतणी : शिवाय कापायची गरजच काय? उजवी नळी आहे ना मोकळी. तिच्यात घाला.

काका : डुक्कर लांब असलं की हात आपोआप मागच्या चापावर जातो. मागचा चाप डाव्या नळीचा. चाळीस वर्षांची सवय आहे ती.

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुनळीला दोन चाप असतात आणि हात अंधारात विचार करत नाही. पुतणीच्या स्पर्धेत दिवसाउजेडी, ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या तबकडीवर बार निघतो. काकांच्या बागेत यातलं काहीच ठरलेलं नसतं. पण म्हणूनच उत्तर पुतणीच्या बाजूनं जातं. अंधारात जर हात सवयीनं चालणार असेल, तर काडतूस दिवसा, डोकं जागेवर असताना, योग्य नळीत घातलेलं असलं पाहिजे.

आता बॉलकडे, म्हणजे एकाच सबंध गोळीच्या काडतुसाकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे.

काका : बॉलसुद्धा मी डाव्या नळीतून काढलेत.

पुतणी : कुठले बॉल?

काका : कुठले म्हणजे? दुकानातले.

पुतणी : कारखान्यात बनलेला बॉल बहुतेक नळीपेक्षा लहान असतो, किंवा त्याच्या अंगावर तिरप्या कण्या असतात. जर्मनीत ब्रेनेके यांनी १८९८ साली तसा बॉल केला, अमेरिकेत फॉस्टर यांनी १९३१ साली. लोक समजतात त्या कण्यांनी बॉल गरगर फिरतो. त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. चोकमधून जाताना त्या कण्या दबतात आणि बॉलला वाट मिळते. त्यामुळे असे बॉल आवळ तोंडातूनही निघतात, पण पेटीवर तसं लिहिलेलं असेल तरच. आणि निघतात म्हणजे चांगले जातात असं नाही. त्यांना मोकळी नळीच आवडते.

काका : आणि घरी पाडलेला गोळा?

पुतणी : तुम्ही घरी गोळे पाडता?

काका : मी नाही. असतात लोक.

असतात, हे खरं आहे. कोणी साच्यात गोळा पाडतो. कोणी छऱ्यांच्या काडतुसाशी नसते खेळ करून त्याचा ‘बॉल’ बनवतो आणि गावात शहाणा ठरतो. साडेअठराचा सबंध गोळा साडेसतराच्या तोंडापाशी पोचतो तेव्हा मागून वायूचा दाब आणि पुढे आवळलेलं पोलाद असतं. छऱ्यांना एकमेकांत सरकायला जागा असते, सबंध गोळ्याला नसते. नशीब असेल तर नळीला तोंडाशी कडं उठतं, नसेल तर ती फाटते. १८७५ चा तो शिक्का याच्यासाठी होता. १८८७ नंतर इंग्लंडात त्या शब्दांच्या जागी नुसतं ‘चोक’ असं मारू लागले आणि ताकीद आणखीच अबोल झाली. जिच्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ लिहिलेलं आहे ती बंदूक १८७५ ते १८८७ मधली, म्हणजे काळ्या दारूच्या जमान्यातली आहे, हे वेगळं. तिच्यात आजचं कुठलंही काडतूस घालण्याआधी दहादा विचार हवा. तशा काही बंदुका अजून गावांतून आहेत.

पुतणीच्या आग्रहावरून काकांनी बंदूक मोडली. आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं बघितलं, मग पुढची लाकडी पट्टी काढली आणि नळ्या उतरवल्या. मागच्या टोकाखाली, जो सपाट भाग एरवी पोलादाच्या पाटावर बसतो, तिथे शिक्क्यांची दाटी असते. तेलकट फडक्यानं पुसल्यावर ते दिसू लागले. डाव्या नळीवर ‘चोक’. दोन्ही नळ्यांवर मुकुटाच्या खाली ‘एनपी’, म्हणजे बिनधुराच्या दारूवर तपासलेली. आणि एका कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, अडीच इंच.

पुतणी : हे अडीच इंच बघितलंत?

काका : कशाचं?

पुतणी : चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या घराचं. ६५ मिलिमीटर. तुमची काडतुसं कितीची?

काका : ७०. पेटीवर लिहिलंय. पण बसतात की! बोट लावलं की आत जातात, पाठ सपाट बंद होते.

पुतणी : बसणारच. ७० हे माप बार निघाल्यानंतरचं आहे. भरलेल्या काडतुसाचं तोंड घड्या घालून आत मुडपलेलं असतं, तेव्हा ते साठच्याही आत भरतं. बार काढलात की त्या घड्या उलगडतात. ६५ च्या चेंबरमध्ये त्यांना उलगडायला जागा नाही. त्या पुढे, जिथून नळी अरुंद व्हायला लागते, तिथे जाऊन पडतात. माल बाहेर पडायच्या वाटेवरच आडकाठी. दाब वाढतो.

काका : पण इतकी वर्षं—

पुतणी : इतकी वर्षं तो दाब कुठे गेला ते दाखवते. नळ्या परत चढवा, पट्टी नको. बंद करा. आता मुठीला धरून कानाशी आणा आणि हलवा.

काकांनी हलवली. टक् असा बारीक आवाज आला. पुन्हा हलवली, पुन्हा टक्.

पुतणी : नळ्या ज्या खिळीवर फिरतात तिथला खेळ आहे तो. बंदूक एका दिवसात फुटत नाही, अशी सैल होत जाते.

काका बराच वेळ बंदूक हलवून ऐकत राहिले. या आवाजानं त्यांना जितकं पटलं तितकं आकड्यांनी पटलं नव्हतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. चोक आणि काडतूस यांचा मेळ घालताना लोक तोंडाकडे बघतात आणि चेंबर विसरतात. खरं तर चेंबर आधी बघायचं असतं.

आता काकांची पाळी.

काका : तुझं ऐकलं. आता माझं ऐक. तुझी बंदूक दाखव. हे तोंडाशी काय, आटे?

पुतणी : चोक बदलता येतो. आवळ हवा तर आवळ, मोकळा हवा तर मोकळा. याच्या कडेला खाचा असतात, एक खाच म्हणजे फुल, जितक्या खाचा जास्त तितकं तोंड मोकळं.

काका : आणि हा फिरतोय कसा माझ्या बोटानं?

पुतणी : ... सैल झाला असेल. बार काढून नळी तापली की होतो.

काका : आणि सैल असताना बार निघाला तर? छर्रे याच्या कडेवर आपटतील, तुझा चोक आणि नळीचं तोंड दोन्ही जाईल. काढून ठेवून नुसत्या आट्यांवर बार काढलास तर आट्यांचं वाटोळं. बरोबर?

पुतणी : बरोबर. दर फेरीनंतर चावी लावून बघायला हवं.

काका : बघतेस?

पुतणी : बघेन.

काका : आता सांग, काडतूस घालायच्या आधी नळीतून आभाळ बघतेस?

पुतणी : रेंजवर बंदूक पेटीतून निघते, साफ करून ठेवलेली.

काका : मी दर वेळी बघतो. पावसाळ्यात कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. दोन दिवस कोपऱ्यात उभी राहिली तरी पुरतं. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होते, महिन्या-दोन महिन्यांनी परत येते, तेव्हा आत गंज असेल, चिंधी असेल, माशीचं घर असेल. आमच्या पावसात काडतुसाची दारू सर्द होते. बार फुसका निघाला, नुसता फुस्स, की दुसरं काडतूस नाही घालायचं. बंदूक मोडायची, दारू आणि छऱ्यांमधली डाट नळीत अडकली का ते बघायचं. आणि चाप ओढून बार निघालाच नाही तर लगेच मोडायची नाही, तोंड जमिनीकडे धरून अर्धा मिनिट थांबायचं. तुझ्या मिलिमीटरांत हे कुठे आहे?

इथे मी पूर्णपणे काकांकडे. ज्या नळीत चिखल, चिंधी किंवा अडकलेली डाट आहे तिला चोक कितीचा आणि काडतूस कुठलं याचं काही सोयरसुतक नसतं. मोकळी सरळ नळीसुद्धा तिथेच फुटते. बारा बोरमध्ये वीस बोरचं काडतूस चुकून घातलं तर तेही असंच पुढे सरकून नळीत अडकतं, आणि मागे बाराचं काडतूस बसायला जागा उरते. वीस बोरची काडतुसं पिवळी करण्याची पद्धत यासाठीच पडली. एका घरात दोन बोरच्या बंदुका असतील तर दोन्हींची काडतुसं एका डब्यात ठेवू नयेत, इतकं साधं आहे हे.

पोलादी छऱ्यांबद्दलही दोन वाक्यं, परदेशात राहून तिथे बंदूक बाळगणाऱ्या मराठी वाचकांसाठी. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद आहेत आणि युरोपीय संघात पाणथळ जागी २०२३ पासून, कारण सांडलेलं शिसं पक्षी खडे समजून गिळतात आणि मरतात. त्याऐवजी आलेलं पोलाद दबत नाही. शिसं नळीला मान देतं, पोलाद देत नाही. पोलाद हलकंही आहे, म्हणून लोक छर्रा मोठा घेतात आणि अडचण वाढते. युरोपातल्या प्रूफ नियमांप्रमाणे जोरदार पोलादी काडतुसं फक्त लिलीच्या फुलाचा शिक्का असलेल्या बंदुकीत घालायची, आणि ४ मिलिमीटरपेक्षा मोठा छर्रा असेल तर चोक हाफपेक्षा जास्त नको. आजोबांची जुनी बंदूक तिकडे नेली असेल तर तिला पोलाद दाखवूसुद्धा नये.

काका : शेवटचं विचारतो. माझी डावी फुल आहे की हाफ, हे तुला शिक्का बघून कळलं?

पुतणी : नाही. शिक्का ‘चोक’ एवढंच सांगतो. आणि नुसतं तोंड मोजूनही कळायचं नाही. इंग्लिश नळ्या सगळ्या नेमक्या साडेअठराच्या नसतात. प्रूफ शिक्क्यात ‘१३/१’ असेल तर ती नळी मुळातच १८.३ च्या आसपासची. तोंड १७.८ भरलं तर ती हाफ झाली. तेच तोंड साडेअठराच्या नळीला असेल तर ती हाफ आणि फुलच्या मधली झाली. आतलं माप आणि तोंडाचं माप, दोन्ही लागतात.

काका : ते कोण काढणार?

पुतणी : परवानाधारक दुरुस्तीवाला. आत घालून मोजायचं गेज असतं त्याच्याकडे. आणि मग रेंजवर कागद.

काका : कागद म्हणजे?

पुतणी : वर्तमानपत्राची पानं चिकटवून मोठा ताव करायचा आणि ज्या अंतरावर बंदूक खरोखर वापरता तिथे उभा करायचा. तुम्हाला तीस मीटरच्या पुढे बार काढायचाच नाही, मग चाळीस यार्ड कशाला? एका नळीतून एक बार, ताव बदलायचा, दुसऱ्या नळीतून एक. भोकं मोजायची. एकदा नाही, दोन-तीनदा. कंपनी बदलली की पुन्हा. नंबरावर जाऊ नका, ब्रिटिश सहा नंबर २.६ मिलिमीटरचा असतो, अमेरिकन सहा २.८ चा. खडकीच्या कारखान्याचं ‘शक्तिमान’ असो की बाहेरचं, तुमच्या नळीत ते कसं वागतं ते पेटी सांगत नाही.

काका : आणि त्या कागदावर माझी डावी चांगली निघाली तर?

पुतणी : तर मी ऐकेन. पण ६५ चंच काडतूस, आणि आधी तो टक् बंद करून.

काका मान्य झाले का? अर्धे झाले. बंदूक दुरुस्तीला द्यायचं त्यांनी कबूल केलं, बॉल डाव्या नळीत घालणार नाही असंही म्हणाले. एलजीचं मात्र ‘कागद बघू’ एवढ्यावरच थांबलं. पुतणीनं दुसऱ्या दिवशी सकाळी चोकची चावी बंदुकीच्या पेटीतून काढून खिशात ठेवली.

माझा कौल विचाराल तर चेंबर, बॉल आणि एलजी या तिन्हींत पुतणी बरोबर आहे, आणि नळीतून आभाळ बघण्याच्या बाबतीत काका. ज्या वाचकांच्या घरी अशी जुनी दुनळी आहे त्यांना एवढीच विनंती. पुढची पेटी विकत घेण्याआधी बंदूक मोकळी करा, नळ्या उतरवा, खालचे शिक्के पुसून वाचा आणि कागदावर उतरवून घ्या. चेंबरची लांबी कळेपर्यंत एकही काडतूस घालू नका. आतलं आणि तोंडाचं माप परवानाधारक कारागिराकडून येईपर्यंत डाव्या नळीत बारीक छऱ्यांशिवाय काहीही नको, बॉल तर मुळीच नको.